श्वान-मार्जारांचा मोटारप्रवास : एक आढावा

वैशाखात सुट्या लागल्या, की पुण्या-मुंबईहून कोकणाकडे, गोमंतकाकडे किंवा घाटमाथ्यावरील थंड हवेच्या ठिकाणांकडे निघालेल्या मोटारींच्या खिडक्यांतून अलीकडे माणसांच्या चेहऱ्यांबरोबर एखादे श्वानमुखही डोकावताना दिसते, आणि क्वचित मागच्या आसनावरील जाळीदार पेटीतून मांजराचा दीर्घ, तक्रारवजा स्वरही कानी पडतो. दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न मुळात उद्भवतच नसे. घर म्हणजे वाडा किंवा चाळ. तेथे कोणी ना कोणी सदैव हजर. दाराला कुलूप लागण्याचा प्रसंग विरळा. आणि कुत्रे अंगणातले व मांजर माजघरातले असल्यामुळे, घरधनी परगावी गेला तरी त्या दोघांचा निर्वाह शेजारच्या भाकरतुकड्यावर आणि कोठीतल्या उंदरांवर सुखेनैव चालत असे. एकत्र कुटुंब विभागले, सदनिकेचे दार बंद झाले, जनावर अंगणातून दिवाणखान्यात आले, आणि चार दिवसांच्या रजेवर निघणाऱ्या गृहस्थापुढे त्याची तजवीज काय लावावी हा पेच उभा राहिला. या पेचाविषयी जो सल्ला दिला जातो त्यात सामानसुमानाच्या याद्यांचा भरणा फार असतो. परंतु माझ्या मते हा प्रश्न प्रथमतः त्या प्राण्याच्या स्वभावाचा, आणि आपल्या मुलखात त्याखालोखाल उन्हाचा आहे. यादी निघण्याच्या आदल्या रात्रीही करता येते. या दोहोंचा बंदोबस्त मात्र महिना-दीड महिना अगोदर आरंभावा लागतो.

स्वभावाचे म्हणाल, तर श्वान आणि मार्जार यांना एका समासात बसवणे व्याकरणास जितके सोपे, तितके मोटारीस सोपे नाही. कुत्रा माणसांशी बांधलेला असतो; आपली माणसे जेथे, तेथे त्याचे घर. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात पांडवांच्या मागोमाग निघालेला कुत्रा कोणी दोरी न बांधता हिमालयापर्यंत चालत गेला, आणि इंद्राच्या रथात त्यास मज्जाव होताच युधिष्ठिराने तो रथच नाकारला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या प्रवासात मांजर कोठेही नाही, हे व्यासांच्या निरीक्षणशक्तीस साजेसेच म्हणावे लागेल. मांजर स्थळाशी बांधलेले असते. भिंतीचे कोपरे, दारांच्या चौकटी, खुर्चीचे पाय यांवर गाल घासून ते आपल्या गंधाचा जो नकाशा घरभर आखून ठेवते, त्या नकाशातच त्याचे स्वास्थ्य सामावलेले असते, आणि तेथून उचलून परक्या वासाच्या खोलीत नेऊन सोडले, तर मालक शेजारी बसला असूनही त्यास आपण निराधार झालो असे वाटते. मांजर पिलांना सात घरे फिरवते हे खरे. पण ती घरे तिची ती निवडते. सबब तीन-चार दिवसांच्या सहलीसाठी मांजरास घरीच ठेवून, दिवसातून दोनदा येऊन अन्नपाणी देणारे व त्याची शौचाची थाळी साफ करणारे विश्वासू माणूस नेमणे, हीच बहुधा उत्तम पूर्वतयारी होय. बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवायचे असेल किंवा महिनाभराचा मुक्काम असेल, तरच त्याला मोटारीत घालण्यास सबळ कारण आहे असे मी समजतो. कुत्र्याच्या बाबतीत हा कौल बहुधा उलट पडतो, कारण घरी राहिलेले कुत्रे अन्नाकडे पाठ फिरवून दाराशी बसून राहते.

तथापि सर्वच कुत्रे प्रवासयोग्य असतात असेही नाही. चपट्या नाकाचे पग, बुलडॉग, शिह त्झू आणि मार्जारांत पर्शियन यांचा श्वसनमार्गच आखूड व अरुंद असल्यामुळे उष्म्यात ते फार लवकर गुदमरतात. वृद्ध, हृदयविकारी व गाभण जनावरांना घाटांचे हेलकावे सोसत नाहीत. आणि सुमारे चार महिन्यांच्या आतील, लसीकरणाचा क्रम पुरा न झालेल्या पिलांना धाब्यांच्या आवारात, जेथे गावातील यच्चयावत कुत्र्यांची वर्दळ असते, पार्व्हो विषाणूची बाधा होण्याचा धोका असतो. याविषयी आपल्या कायद्यानेही काही शिरस्ता घालून दिलेला आहे. १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम करण्यात आले, आणि त्यांत कुत्री व मांजरे यांना स्वतंत्र प्रकरण लाभले. प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा, प्रसूतीस टेकलेल्या मादीची रवानगी करू नये, प्रस्थानापूर्वी निदान दोन तास अन्नपाणी दिलेले असावे, उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, असे त्यांतील तपशील आहेत. हे नियम करणाऱ्यांच्या नजरेपुढे पेट्यांतून पाठवला जाणारा माल असावा, घरच्या मोटारीत पाय पसरून झोपलेले लाडके जनावर नसावे, हे उघड दिसते. पण ज्या मालकापाशी याहून बरे वेळापत्रक नसेल, त्याने हेच डोळ्यांपुढे ठेवले तर त्याचे काही बिघडणार नाही.

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर तो येथेच पुरा करू. आपल्याकडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना, बांद्यापुढच्या नाक्यावर काय किंवा आंबोली घाटाच्या माथ्यावर काय, खाजगी मोटारीतील कुत्र्याची कागदपत्रे सहसा कोणी मागत नाही, म्हणून लोक ती घरीच ठेवतात. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या चार्ली नामक पूडल कुत्र्यासह सबंध देशाच्या फेरीवर निघाला, तेव्हा इतकी जय्यत तयारी करूनही नायगाऱ्यापाशी कॅनडाच्या सरहद्दीवर त्याला माघारी वळावे लागले, कारण चार्लीस रेबीजची लस टोचल्याचा दाखला बरोबर नव्हता, आणि कॅनडात जाऊ दिले तरी परत येताना खुद्द अमेरिकेचेच अधिकारी कुत्र्यास आत घेणार नाहीत, हे त्यास सांगण्यात आले. आपल्याकडे दाखल्याचे खरे काम नाक्यावर पडत नाही. ते पडते मुक्कामाच्या ठिकाणी, खोली देण्यापूर्वी व्यवस्थापक मागतो तेव्हा, आणि त्याहून अधिक, समुद्रकिनाऱ्यावर एखाद्या मुलाच्या पोटरीस दात लागतात तेव्हा. त्या घटकेस लसीची तारीख कागदावर दाखवता आली, तर दोन्ही पक्षांचा धीर टिकतो. मुलास टोचून घेणे अर्थातच चुकत नाही, आणि चुकवूही नये. कुत्र्याच्या पहिल्या लसीनंतर प्रतिकारशक्ती सिद्ध होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, एवढ्या एका गोष्टीवरूनही पूर्वतयारीचा आरंभ किती अगोदर व्हावयास पाहिजे हे ध्यानात यावे.

दाखला देणारा वैद्य गावी भेटतो. वाटेत भेटेलच असे नाही. मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले, त्यास आता शतकाहून अधिक काळ लोटला. पण तालुक्याच्या ठिकाणचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आजही प्रामुख्याने गाई-म्हशी, बैल व शेळ्या यांच्यासाठी चालतो, आणि तेथील डॉक्टर कितीही सज्जन व तत्पर असला तरी मांजराच्या मनगटातील शीर शोधण्याचा सराव त्यास कोठून असणार? चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर अशा मोठ्या मुक्कामांवर लहान जनावरांचे डॉक्टर आहेत की नाहीत, कोणत्या वारी त्यांचा दवाखाना बंद असतो, याची विचारपूस निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून करून ठेवणे हे चार वाट्या आणि दोन चादरी अधिक घेण्यापेक्षा लाखपटीने मोलाचे आहे.

आता शिकवणुकीकडे वळू. पूर्वी मुहूर्त टळू नये म्हणून प्रस्थान ठेवण्याची चाल होती. स्वतः निघणे चार दिवसांनी असले तरी एखादे गाठोडे शुभवेळी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवीत. मांजराच्या पेटीचेही असेच प्रस्थान ठेवावे. ज्या पेटीत त्यास न्यायचे ती माळ्यावरून ऐन वेळी काढली, की तिचे दर्शन म्हणजे डॉक्टर आणि सुई हे समीकरण पक्के झालेले मांजर पलंगाखाली अशा कोपऱ्यात जाऊन बसते, की तेथून त्यास काढताना मालकाचे हात रक्तबंबाळ व्हावेत. उलट तीच पेटी महिनाभर खोलीत उघडी पडून राहिली, तिच्यात त्याचे जुने अंथरूण असले आणि अधूनमधून मासळीचा तुकडा ठेवलेला असला, तर मांजर आपण होऊन तिच्यात झोपू लागते, आणि प्रवासाच्या दिवशी फक्त दार लावून घ्यायचे उरते. वरून उघडणारी पेटी अधिक सोयीची. वर पातळ सुती कापड पांघरले की बाहेरचा धावता देखावा बंद होऊन ते पुष्कळ शांत राहते. दोन मांजरे असतील तर पेट्याही दोन. कुत्र्यास मोटारीची सवय लावणे सोपे, पण त्यातही क्रम पाहिजे: प्रथम उभ्या गाडीत बसवणे, मग यंत्र सुरू करून बसवणे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग एखाद्या मैदानापर्यंत. ज्याची मोटार आजवर केवळ दवाखान्यातच गेली त्या कुत्र्याने तिच्यात चढताना पाय रोवले, तर त्याच्या तर्कशास्त्रात दोष काढता येणार नाही.

ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, यांपैकी कोणताही घाट उतरताना वळणे लागणे हे माणसांइतकेच जनावरांनाही होते. शरीर हलत असल्याची वर्दी कानातील तोलाचे इंद्रिय देते, पेटीत किंवा आसनाच्या पायथ्याशी बसलेल्या जनावराचे डोळे मात्र भोवतालचे सारे स्थिर असल्याची ग्वाही देतात, आणि या विसंवादातून लाळ गळणे, वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे व अखेर ओकारी असा क्रम घडतो. पिलांत हा त्रास अधिक, वयाबरोबर पुष्कळांचा तो कमी होतो. कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचे गुणकारी औषध आहे, ते निघण्यापूर्वी सुमारे दोन तास देतात. फार भिणाऱ्या मांजरांना काही डॉक्टर प्रवासापूर्वी गॅबापेंटिन देतात. मात्रा डॉक्टरने ठरवावी, आणि औषधाचा पहिला प्रयोग घरी, रजेच्या दिवशी व्हावा. घाटाच्या मध्यावर नव्हे. माणसांच्या औषधांची पेटी मात्र जनावरांपासून दूर ठेवावी हे बरे. तापावर आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, आणि एक गोळीही त्यास प्राणघातक ठरू शकते. कनवाळू माणसाच्या हातून मांजर दगावण्याचे याइतके सोपे कारण दुसरे नसेल.

मोटारीत जनावराने बसावे कोठे, याविषयी लोकांची मते ऐकून थक्क व्हावे अशी स्थिती आहे. चालकाच्या मांडीवर बसलेले पॉमेरेनियन हे दृश्य कौतुकाने दाखवले जाते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १२५ वे कलम चालकाच्या हालचालीस अडथळा होईल अशा रीतीने कोणासही बसवण्यास किंवा काहीही ठेवण्यास मनाई करते, हे त्या वेळी कोणाच्या गावीही नसते. कायदा सोडून दिला तरी गणित सोडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे २० किलोचे कुत्रे त्या क्षणी ४०० किलोच्या आघाताने पुढच्या आसनावरील माणसांवर फेकले जाते. कुत्र्यास मागील आसनावर छातीपट्टा घालून आसनाच्या पट्ट्यास अडकवावे; गळपट्ट्यास कधीही अडकवू नये, कारण झटक्याने मानच मोडेल. पुढच्या आसनावर, वायुपिशवीसमोर, तर मुळीच नको. मांजराची पेटी कुत्र्याच्या दृष्टीआड, आसनामागे जमिनीवर घट्ट बसवावी, आणि गाडीचे एकही दार उघडे असेतोपर्यंत पेटीचे दार उघडू नये. वाटेत हरवलेल्या मांजरांच्या ज्या कथा ऐकू येतात, त्यांतील बहुतेकींचा आरंभ 'जरा हवा लागावी म्हणून' या वाक्याने होतो. खिडकीबाहेर तोंड काढून वारा पिणारे कुत्रे फार देखणे दिसते खरे. पण रस्त्यावरील खडीचा एक कण त्याच्या डोळ्यास पुरेसा आहे.

या साऱ्याहून गंभीर विषय उन्हाचा. कुत्र्यास घाम असा जवळजवळ येतच नाही. तळपायांच्या गाद्यांवर येतो तेवढाच, आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापणे. धापण्याने पाण्याची वाफ होऊन शरीर निवते. परंतु भोवतालची हवा तापलेली आणि दमट असेल, तर वाफ होण्यास जागाच उरत नाही, आणि म्हणून विदर्भातील ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाइतकीच कोकणातील ३४ अंशांची चिकट दुपार त्यास घातक ठरते. त्याचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास. ते ४१ च्या वर गेले, की उष्माघाताची सीमा ओलांडली असे समजावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आणि त्यातील चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचे अमेरिकेतील मोजणीत आढळले आहे. काचा बोटभर खाली ठेवल्याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा 'चहा घेऊन पाच मिनिटांत येतो' ही सबब येथे चालायची नाही. दोन माणसे असतील तर एकाने नेहमी जनावरापाशी राहावे, आणि एकटाच मालक असेल तर त्याने ज्या उपाहारगृहाच्या ओसरीवर कुत्र्यास बसू देतात तेच शोधावे किंवा उपाशी राहावे; दुसरा पर्याय मला दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाटेल तेथे गाडी थांबवण्यास मनाई आहे, हेही पाणी पाजण्याच्या वेळा ठरवताना विचारात घ्यावे. जुना खंडाळा घाटाचा रस्ता या कामी अधिक उदार आहे.

पहाटे चारच्या सुमारास निघून दहा-अकराच्या आत मुक्कामी पोचणे किंवा सावली धरून पडाव टाकणे हाच उन्हाळ्यातील राजमार्ग. डांबर तापले आहे की नाही हे स्वतःचा उलटा पंजा त्यावर टेकवून पाहावे. आपणास चटका बसतो तेथे त्यास चालवू नये. इतके करूनही कुत्रे लटपटू लागले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ दोरीसारखी लोंबू लागली, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी सतत ओतावे, वारा घालावा, आणि तशाच ओल्या स्थितीत दवाखाना गाठावा. मांजराच्या बाबतीत तर तोंड उघडे टाकून धापणे हेच धोक्याचे लक्षण समजावे. कुत्र्यास जे स्वाभाविक, ते त्यास नाही.

खाण्यापिण्याची बाब त्या मानाने सोपी, पण आपल्या हमरस्त्यांवर एक विशेष अडचण आहे. वडापावची लसणाची चटणी, कांदाभजी, मिसळीवरचा कांदा, आणि लोणावळ्याचे प्रसिद्ध चॉकलेट फज, म्हणजे जे जे आपण गाडी थांबवून खातो, ते बहुतेक सारे कुत्र्या-मांजरांना विषासमान आहे. कांद्या-लसणातील द्रव्ये त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, मांजरांच्या अधिकच. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याचे हृदय बेफाम धाववते. मनुका व द्राक्षे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. मुलांना हे घरून निघण्यापूर्वीच नीट समजावून सांगावे, कारण आपला घास सोबत्यास देण्याची त्यांची उदारता कोणत्याही हुकमास जुमानत नाही. निघण्याच्या तीनचार तास आधी हलके खाणे, वाटेत थोडे थोडे पाणी, आणि पहिल्या दोन दिवसांपुरते तरी घरचेच पाणी भरून नेणे, इतके केले म्हणजे पुरे. स्थूल मांजराने मुक्कामी दोन-तीन दिवस अन्नास तोंडच लावले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साठून तो आजार जिवावर बेततो. आणि बोका वारंवार थाळीत जाऊन कुंथत असेल पण लघवी होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

गोचिडांचा उल्लेख केल्यावाचून कोकणच्या प्रवासाचा आढावा पुरा होणार नाही. बॅबेसिया व एर्लिकिया हे कुत्र्यांचे रक्तविकार गोचिडांपासूनच होतात, आणि सिंधुदुर्ग व गोव्याच्या वनांतून गोचिडांनीच पसरणारा माकडताप माणसांना झाल्याचेही गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. तेव्हा काजूच्या बागांतून कुत्र्यास मोकळे हिंडवण्यापूर्वी त्यास गोचीडनाशक लावणे किंवा त्याची गोळी देणे अवश्य. पण कुत्र्यांसाठीच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते, आणि ते मांजरास भयंकर विषारी असते. त्यास प्रत्यक्ष लावले तर बाधा होतेच, पण औषध ओले असलेल्या कुत्र्यास बिलगून झोपले किंवा त्यास चाटले, तरीही मांजरास झटके येऊ शकतात. दोघांना एकाच मोटारीत नेणाराने वेष्टणावरील घटक वाचल्याखेरीज काहीही खरेदी करू नये. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे भय असते; त्याची लस कुत्र्यांसाठी मिळते, मात्र ती दरसाल टोचावी लागते.

मुक्कामाविषयी थोडक्यात. 'प्राण्यांस प्रवेश' या पाटीचा अर्थ काही ठिकाणी खोलीत प्रवेश असा, तर काही ठिकाणी मागच्या पडवीत साखळीने बांधण्याची परवानगी असा असतो. तो आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारून घ्यावा. जुन्नर, अकोले, ओतूर या उसाच्या टापूत शेतघरावर उतरणाऱ्यांनी कुत्र्यास रात्री बाहेर बांधणे म्हणजे बिबट्यास आमंत्रण देणे होय. त्या भागातील बिबट्यांच्या आहारात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा फार मोठा असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. माथेरानास दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत. तेथून पुढे घोड्यांच्या वर्दळीतून पायी जावे लागते, आणि ज्या कुत्र्याने घोडा कधी पाहिला नाही त्याचा पट्टा तेथे आखूड धरावा. अभयारण्यांत तर कुत्र्यांना नेण्याचा विचारच सोडावा. समुद्रकिनाऱ्यावर खारे पाणी पिऊन ओकारी-हगवण लागते. शिवाय किनाऱ्याची म्हणून जी स्थानिक कुत्री असतात, त्यांची हद्द ठरलेली असते, आणि शहरी पाहुण्याच्या आगमनास ती सहसा संमती देत नाहीत. मांजरास पहिला दिवसभर एकाच खोलीत कोंडून ठेवावे, न्हाणीघराच्या खिडकीचे गज आधी तपासावे, आणि पलंगाखालून त्यास ओढून काढू नये. ते आपल्या सवडीने येते.

रेल्वेचा पर्याय काहीजण सुचवतात. तेथे प्रथम वर्गाचा सबंध कूपे किंवा कक्ष आपल्या नावे राखून ठेवला तरच कुत्रे सोबत नेता येते, अन्यथा त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील श्वानपेटीत होते; आणि ती पेटी एकदा आतून पाहिलेला मालक पुन्हा तिचे नाव काढील असे वाटत नाही. कुत्र्यांच्या वसतिगृहांची संख्या मोठ्या शहरांतून वाढते आहे, पण तेथेही आधी एका रात्रीपुरते ठेवून पाहावे.

घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी कुत्र्याचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या व शेपटीचे बूड बोटांनी चाचपून गोचिडे शोधावीत, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावीत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत त्यास ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या किंवा नाकातून रक्त आले, तर डॉक्टरांस रोगाची लक्षणे सांगण्याअगोदर आपण कोणत्या मुलखातून आलो ते सांगावे. रक्ततपासणीत काय शोधायचे, हे त्यावरून त्यांना लागलीच ठरवता येते.